वीराफ सात दिवस झोपला तेव्हा

इराणी पुरोहितांना एक शंका होती. आपण रोज प्रार्थना म्हणतो, अग्नीपुढे विधी करतो, गेलेल्या माणसांच्या नावाने अन्न ठेवतो. हे सगळं देवापर्यंत पोचतं की दैत्यांच्या पदरात पडतं? आणि मेलेल्याच्या आत्म्याला त्याचा काही उपयोग होतो की नाही? ‘अर्दा वीराफ नामग’ हा जरथुष्ट्री धर्मातला, म्हणजे आजच्या पारशांच्या धर्मातला, परलोकाविषयीचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ या शंकेतूनच सुरू होतो. धर्मग्रंथांत शंका काढणारा बहुधा कुणी पाखंडी नाहीतर अडाणी असतो. इथे शंका खुद्द पुरोहितांची आहे, आणि त्यांनी काढलेला तोडगाही फार व्यवहारी आहे. कुणाला तरी तिकडे पाठवायचं, डोळ्यांनी बघून यायला सांगायचं, आणि परत आला की लेखनिक बसवून सगळं उतरवून घ्यायचं.

ही शंका आली कुठून, याचं उत्तर ग्रंथ स्वतःच देतो. जरथुष्ट्राने दिलेला धर्म तीनशे वर्षं निर्मळ चालला, मग इजिप्तमध्ये राहणारा ‘शापित’ अलेक्झांडर रोमी आला. त्याने इराणच्या राजाला मारलं, पुरोहितांची कत्तल केली आणि इस्तख्रच्या किल्ल्यात ठेवलेला, बैलांच्या कमावलेल्या कातड्यांवर सोन्याच्या शाईने लिहिलेला अवेस्ता हा धर्मग्रंथ जाळून टाकला. तेव्हापासून लोकांच्या मनात संशय शिरला. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर इथे ‘रोमी’ झाला आहे, कारण हे लिहिणाऱ्यांच्या काळात पश्चिमेकडचा प्रत्येक शत्रू रोमचाच होता. सोन्याच्या शाईचा अवेस्ताही बहुतेक अभ्यासक दंतकथेत जमा करतात. अवेस्ता शतकानुशतकं पाठांतरानेच टिकला होता. तो लिहिण्यासाठी वेगळी लिपी तयार झाली ती सासानी राजांच्या काळात, म्हणजे अलेक्झांडरनंतर कित्येक शतकांनी. पण नुकसान खरंच झालं. परंपरेप्रमाणे अवेस्ताचे २१ भाग होते, त्यांना ‘नस्क’ म्हणतात. आज त्यातला जेमतेम पाव हिस्सा हाती आहे.

वीराफचा ग्रंथ आज ज्या रूपात मिळतो ते रूप साधारण नवव्या-दहाव्या शतकातलं आहे. शेवटचा सासानी बादशहा यज्दगर्द तिसरा इ.स. ६५१ मध्ये मारला गेला होता आणि इराणवर अरबांची सत्ता येऊन दोन-अडीचशे वर्षं लोटली होती. गावंच्या गावं मुसलमान होत होती. ज्या पुरोहितांच्या हातून राज्य गेलं, त्यांनी याच काळात आपलं उरलंसुरलं ज्ञान पहलवी भाषेत, म्हणजे मध्ययुगीन फारसीत, घाईने लिहून काढलं. बुंदहिश्न, देनकर्द, दादेस्तान-इ-देनीग ही त्याच धांदलीतली पुस्तकं. कथेत दोष अलेक्झांडरच्या माथी मारला आहे, पण ‘आपलं देवाला पोचतं का’ ही चिंता मला तरी नवव्या शतकातलीच वाटते.

परलोकाची कल्पना मात्र फार जुनी. जरथुष्ट्राच्या स्वतःच्या मानल्या जाणाऱ्या रचना म्हणजे ‘गाथा’. ही १७ सूक्तं आहेत, आणि त्यांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळची की संस्कृत येणाऱ्याला ओळीमागून ओळ ओळखीची वाटत जाते. काळाबद्दल वाद आहेत, पण बरेच अभ्यासक त्या इसवी सनापूर्वी १५०० ते १००० च्या दरम्यान ठेवतात. गाथांमध्ये परलोकाचं वर्णन असं जवळजवळ नाहीच. चिन्वत नावाचा पूल आहे. सज्जनांना मी त्या पुलापलीकडे नेईन, असं जरथुष्ट्र म्हणतो. दुर्जन पुलाशी येतील तेव्हा त्यांचा स्वतःचा आत्मा आणि स्वतःची ‘दएना’च त्यांना छळेल, असंही म्हणतो. पलीकडे सज्जनांसाठी ‘गीतांचं घर’ आहे आणि दुर्जनांसाठी ‘असत्याचं घर’. बस्स, एवढंच. कढया नाहीत, साप नाहीत, हिशेबाच्या वह्या नाहीत.

दएना हा शब्द इथून पुढे लागणार आहे. तो धर्मासाठीही वापरतात आणि माणसाच्या आतल्या त्या भागासाठीही, जो बघतो आणि निवड करतो. मराठीत ‘अंतरात्मा’ म्हटलं तर थोडं जवळ जाता येईल. पुढच्या सगळ्या साहित्यात ही दएना एक स्त्री होऊन येते.

तिचं सगळ्यात सुंदर वर्णन हादोख्त नस्क या भागाच्या उरलेल्या तुकड्यात आहे. माणूस मेल्यावर त्याचा आत्मा कुठे असतो, असं जरथुष्ट्र विचारतो आणि अहुर मज्द, म्हणजे या धर्मातला परमेश्वर, सांगतो: पहिली रात्र तो डोक्यापाशी बसून राहतो. सज्जन असेल तर गाथेतली सुखाची ओळ गात बसतो, आणि त्या एका रात्रीत त्याला साऱ्या जिवंत जगाइतकं सुख मिळतं. दुसरी रात्रही तशीच, तिसरीही. तिसरी रात्र सरून उजाडायला लागतं तेव्हा दक्षिणेकडून वारा येतो, असा सुवासिक की याआधी नाकाने कधी अनुभवला नव्हता. त्या वाऱ्यातून पंधरा वर्षांची, उंच, गोऱ्या दंडांची एक मुलगी चालत येते.

आत्मा चकित होऊन विचारतो, तू कोण? इतकी देखणी मुलगी मी पाहिली नाही. ती म्हणते, मी तुझीच दएना. तुझे चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृत्यं. लोक वाईट वागताना तुला दिसायचे तेव्हा तू गाथा म्हणत बसायचास, पाण्याची आणि अग्नीची पूजा करायचास, जवळून-लांबून आलेल्या सज्जनाचं स्वागत करायचास. मी प्रिय होतेच, तू मला आणखी प्रिय केलंस. मी सुंदर होते, तू आणखी सुंदर केलंस. मी मानाच्या जागी बसले होते, तू मला त्याहून वरच्या जागी बसवलंस.

मग आत्मा चार पावलं टाकतो. पहिलं सद्विचारात, दुसरं सद्वचनात, तिसरं सत्कृत्यात आणि चौथं अनंत प्रकाशात. तिथे आधी आलेला एक सज्जन त्याला प्रश्न विचारू लागतो: कसा मेलास, गुराढोरांनी भरलेलं ते जग सोडून कसा आलास? अहुर मज्द त्याला थांबवतो. त्याला काही विचारू नकोस, देहापासून जाणीव तुटण्याच्या भयंकर वाटेने तो आत्ताच आला आहे. त्याला वसंतातलं लोणी द्या. परलोकाच्या साहित्यात देव न्याय देतो, क्षमा करतो, क्वचित रागावतो. दमून आलेल्याला आधी खाऊ घाला म्हणणारा देव मला तरी दुसरीकडे फारसा भेटलेला नाही.

दुर्जनाचं सगळं याच्या उलट. त्याचा आत्मा डोक्यापाशी सैरभैर घुटमळतो आणि गाथेतलीच दुसरी ओळ म्हणतो: ‘कुठल्या देशी पळू मी?’ वारा उत्तरेकडून येतो, दुर्गंधी. खायला विष. पहलवी ग्रंथांत त्याच्यासमोरही एक बाई येते. नागडी, सडलेली, वाकड्या पायांची. तीही तेच सांगते, मी तुझीच कृत्यं.

पुलावरचा न्याय हळूहळू तपशीलवार होत गेला. वेंदिदाद या अवेस्ताच्या भागात आत्म्याला बांधून नेणारा विझरेश नावाचा दैत्य येतो आणि पुलाची राखण करणारे कुत्रे येतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत. हे त्यांचेच भाऊबंद. आपला यम म्हणजे अवेस्तातला यिम. तिथे तो सुवर्णयुगाचा राजा आहे, मेलेल्यांचा कारभार मात्र त्याच्याकडे राहिला नाही. मेनोग-इ-ख्रद या पहलवी ग्रंथात पुलापाशी मिहिर, स्रोश आणि रश्न असे तीन न्यायाधीश बसतात आणि रश्नच्या हातात तराजू असतो. हा तराजू सज्जनाकडे झुकत नाही, दुर्जनाकडे झुकत नाही, राजाकडेही नाही. सम्राट आणि अगदी क्षुद्र माणूस यांच्यात तो केसाइतकाही फरक करत नाही. जातीपातीच्या उतरंडीने बांधलेल्या सासानी समाजाची आठवण जपणाऱ्या पुरोहितांनी हे लिहून ठेवावं, हे विशेष आहे.

परलोक बघून येण्याची कल्पना वीराफच्या ग्रंथाआधीही होती. इ.स. तिसऱ्या शतकात कर्तीर नावाचा एक बडा पुरोहित होऊन गेला. शापूर पहिल्यापासून बहराम दुसऱ्यापर्यंतच्या राजांच्या दरबारात तो चढत चढत गेला. परधर्मीयांना कसं बडवलं हे त्याने खडकावर अभिमानाने कोरून ठेवलं आहे. नक्श-ए-रुस्तम आणि सर मशहद इथल्या त्याच्या शिलालेखांत परलोकाचं दर्शनही येतं. आपण करतो ते विधी खरे आहेत का, याची खूण त्याने देवांकडे मागितली. मग काही जणांनी विधीच्या अवस्थेत तिकडचं दृश्य पाहून सांगितलं: सोन्याचा तराजू घेतलेला एक पुरुष, पूर्वेकडून येणारी एक स्त्री आणि हुबेहूब कर्तीरसारखा दिसणारा एक माणूस. लेख जागोजागी झिजला आहे, त्यामुळे सगळे दुवे लागत नाहीत. पण धर्माच्या सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसालाही खात्री करून घ्यावीशी वाटली, इतकं कळतं.

आता वीराफकडे वळू. फर्नबाग अग्नीच्या मंदिरात पुरोहितांची सभा भरते. लोकांमधून सात जण निवडतात, त्या सातांतून तीन, तिघांतून एक. शेवटची खात्री म्हणून तीनदा भाला टाकतात, सद्विचारासाठी, सद्वचनासाठी आणि सत्कृत्यासाठी, आणि तीनही वेळा कौल वीराफचाच निघतो. त्याच्या सात बहिणी रडत येतात. सात तुळया आणि त्यांना आधार एकच खांब, तो खांब काढून घेतलात तर तुळया पडतील, असं त्या म्हणतात. ग्रंथ सांगतो की या बहिणी त्याच्या बायकाही होत्या. सासानी काळातल्या पुरोहितांनी सख्ख्या नात्यातलं लग्न पुण्याचं मानलं होतं. पारशी समाजात अशी लग्नं होत नाहीत, आणि या उल्लेखांचा अर्थ कसा लावायचा यावर दस्तूर, म्हणजे पारशी धर्मगुरू, आणि अभ्यासक यांच्यात बरेच खटके उडालेले आहेत. झाकण्यात अर्थ नाही. जुनी पुस्तकं आपल्या सोयीने लिहिलेली नसतात.

वीराफ अंघोळ करतो, नवे कपडे घालतो, पितरांचं स्मरण करून जेवतो. मग त्याला सोन्याच्या पेल्यांतून मद्य आणि ‘मंग’ देतात. हे गुंगी आणणारं द्रव्य म्हणजे भांग की खुरासानी ओवा, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. खुरासानी ओव्याच्या बाजूने जास्त लोक आहेत. तो झोपतो. सात दिवस आणि सात रात्री त्या बहिणी आणि पुरोहित अखंड अग्नीभोवती बसून पाठ करत राहतात. सातव्या दिवशी आत्मा देहात परततो आणि वीराफ एखाद्या गाढ झोपेतून उठावा तसा आनंदाने उठतो. सगळे हात जोडून विचारतात, काय पाहिलंस? तो म्हणतो, भुकेल्या-तहानलेल्याला आधी खायला-प्यायला द्यावं, मग प्रश्न विचारावेत. हादोख्त नस्कमधला तो लोण्याचा प्रसंग ज्यांना पाठ होता, त्यांनीच ही ओळ लिहिली असणार.

जेवण झाल्यावर लेखनिक बसतो आणि वीराफ सांगायला लागतो. त्याला नेणारे दोघे, स्रोश आणि अग्नीचा देव आदुर. पूल त्याच्यासाठी नऊ भाले रुंद होतो. पलीकडे आधी लागते ती ‘हमेस्तगान’, ज्यांचं पाप आणि पुण्य अगदी सारखं भरलं त्यांची जागा. त्यांना हवा बदलेल तशी थंडी आणि गरमी लागते, दुसरा काही त्रास नाही. तशीच ती माणसं युगाच्या अंतापर्यंत उभी आहेत. पुढे ताऱ्यांची, चंद्राची आणि सूर्याची पायरी, आणि त्यांच्यावर गरोदमान, म्हणजे गाथांमधलं तेच गीतांचं घर. स्वर्गात वीराफला राजे आणि योद्धे दिसतात, तसेच शेतकरी, मेंढपाळ, कारागीर, घर सांभाळणाऱ्या बायका आणि शिक्षकही दिसतात. पुष्कळ साप-किडे मारणाऱ्यांनाही खास जागा आहे, कारण ते प्राणी दुष्ट शक्तीने निर्माण केले असं ही परंपरा मानते. एखाद्या जैन वाचकाला हे प्रकरण वाचवणार नाही.

स्वर्गातून परतताना एक मोठी काळी नदी लागते. काठावर कितीतरी आत्मे आहेत. कुणी सहज पार होतात, कुणी मोठ्या कष्टाने, कुणाला पार होताच येत नाही. ही कुठली नदी, असं वीराफ विचारतो. मागे राहिलेल्यांनी मेलेल्यांसाठी जे अश्रू गाळले त्यांची ही नदी झाली आहे, असं उत्तर मिळतं. ज्याच्यामागे फार रडारड झाली त्याला ती ओलांडणं अवघड जातं. परत गेलास की लोकांना सांग, फार शोक करू नका.

मग नरक. या भागाला ग्रंथात सगळ्यात जास्त जागा मिळाली आहे. ‘असत्याचं घर’ एवढ्यावर थांबलेल्या गाथांपासून आपण किती दूर आलो, हे इथे कळतं. अंधार इतका दाट की हाताने धरता यावा. आत्मे एकमेकांपासून कानाला डोळा असतो इतक्या अंतरावर, घोड्याच्या आयाळीतल्या केसांइतके असंख्य. पण कुणाला कुणी दिसत नाही, कुणाचा आवाज ऐकू येत नाही. प्रत्येकाला वाटतं मी एकटाच आहे. एक दिवस आणि एक रात्र गेली की तो म्हणतो, नऊ हजार वर्षं झाली, अजून मला सोडत कसे नाहीत? माझ्या मते सगळ्या शिक्षांमध्ये ही सर्वांत भयानक आहे, आणि यात कुणी कुणाला हातही लावलेला नाही.

बाकीच्या शिक्षा वाचल्या की त्या समाजात कोण कुणाला छळत होतं ते कळत जातं. एक जण माप भरभरून धूळ आणि राख मोजतोय आणि तीच त्याला खावी लागते आहे. त्याने खोटी मापं ठेवली होती, मद्यात पाणी आणि धान्यात माती मिसळून चढ्या भावाने विकलं होतं. एका अत्याचारी राज्यकर्त्याला पन्नास दैत्य सापांचे चाबूक करून मारतात. एक जण कुत्र्यांसमोर भाकरी टाकतोय, पण ते भाकरीला तोंड लावत नाहीत, त्यालाच फाडतात. मेंढपाळाच्या आणि घरच्या कुत्र्यांना त्याने उपाशी ठेवलं होतं. दवानोस नावाच्या एका आळशाचं सगळं शरीर किडे कुरतडत आहेत, फक्त उजवा पाय सोडून. आयुष्यात त्याने एकच सत्कृत्य केलं होतं. नांगराच्या बैलापुढे त्याने पायाने गवताची पेंढी सरकवली होती. तराजू केसाइतकाही झुकत नाही म्हणजे काय, ते इथे पुरेपूर समजतं.

बायकांच्या वाट्याला आलेला नरक मात्र वाचवत नाही. नवऱ्याला उलट बोलणारी, दुसऱ्याकडे गेलेली, पाळीच्या दिवसांत अग्नीजवळ गेलेली. एकामागून एक प्रकरण आणि प्रत्येकात तपशिलात रमलेली क्रूरता. लिहिणारे पुरुष होते आणि पुरोहित होते, हे पानोपानी दिसतं. दएनेची ती पंधरा वर्षांची मुलगी आणि हे, एकाच परंपरेत शेजारी शेजारी आहे.

शेवटी वीराफ अहुर मज्दपुढे येतो. त्याला प्रकाश दिसतो, देह दिसत नाही. आवाज ऐकू येतो, त्यावरून तो ओळखतो. देव त्याला म्हणतो, वाट एकच आहे, ती सत्याची. बाकी सगळ्या आडवाटा. आणि पुरोहितांच्या शंकेचं उत्तर मिळतं: तुम्ही नीट केलेली प्रत्येक प्रार्थना आणि प्रत्येक विधी मला पोचतो.

इथे एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून निसटता कामा नये. हा नरक कायमचा नाही. बुंदहिश्नमध्ये जगाच्या शेवटाचं वर्णन आहे, त्याला ‘फ्रशोकर्त’ म्हणजे सृष्टी पुन्हा नवी होणं म्हणतात. सोश्यान्स नावाचा उद्धारकर्ता सगळ्या मृतांना उठवतो. जरथुष्ट्र विचारतो, वाऱ्याने उडवलेला, पाण्याने वाहून नेलेला देह परत कसा जमणार? अहुर मज्द म्हणतो, काहीच नव्हतं तेव्हा हे सगळं मी घडवलं, मग जे एकदा होतं ते पुन्हा घडवणं त्याहून अवघड कसं असेल? मग डोंगरांतला धातू वितळून पृथ्वीवर नदीसारखा वाहतो आणि सगळ्यांना त्यातून जावं लागतं. सज्जनांना तो कोमट दुधासारखा वाटतो. दुर्जनांना वितळलेला धातू तो वितळलेला धातूच. पण पलीकडे निघतात ते सगळेच शुद्ध होऊन. नरकही त्याच धातूने धुऊन निघतो. त्या हमेस्तगानमध्ये थंडीवाऱ्यात उभ्या असलेल्या लोकांचं उभं राहणंही तेव्हाच संपतं. इटालियन कवी दांतेच्या नरकाच्या दारावर आशा सोडून आत या असं लिहिलेलं आहे. वीराफच्या नरकाला शेवट आहे.

दांतेचं नाव निघालं की युरोपात लगेच चर्चा सुरू होते: वाटाडे, पायऱ्या, पापाला साजेशी शिक्षा, सगळं इतकं सारखं कसं? मुंबईचे विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी १९१४ मध्ये या दोघांची सविस्तर तुलना प्रसिद्ध केली. दांतेने वीराफबद्दल ऐकलं होतं याचा पुरावा नाही. ग्रंथाचं इंग्रजी भाषांतरच १८१६ मध्ये पहिल्यांदा लंडनमध्ये छापलं गेलं, आणि त्यालाही विद्वानांच्या लेखी फारशी किंमत नव्हती.

विश्वासार्ह आवृत्तीचं श्रेय मात्र पुण्याला जातं. १८५९ ते १८६६ या काळात मार्टिन हौग हे जर्मन पंडित पुण्याच्या सरकारी कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृतचे प्राध्यापक होते. मुंबई सरकारच्या वतीने ते गुजरातभर हस्तलिखितं धुंडाळत हिंडले. पुण्याचे दस्तूर होशंग जामास्पजी यांनी वीराफच्या ग्रंथाची पहलवी संहिता तयार केली, हौगनी ती आणखी हस्तलिखितांशी ताडून भाषांतर केलं आणि त्यांना मदत केली एडवर्ड विल्यम वेस्ट यांनी. १८७२ मध्ये ती मुंबई आणि लंडनहून प्रसिद्ध झाली. एकशे एक प्रकरणांची जी मांडणी आज सगळे वापरतात ती हीच. वेस्ट हे पेशाने इंजिनिअर, जीआयपी रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. रूळ टाकणाऱ्या खात्यातला हा माणूस पहलवीतला आपल्या काळातला सर्वांत मोठा जाणकार झाला.

याच वेस्टनी बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतले पहलवी लेखही वाचले. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये काही जरथुष्ट्री मंडळी ही बौद्ध लेणी बघायला आली होती आणि आपली नावं भिंतीवर कोरून गेली. वीराफचा ग्रंथ आजच्या रूपात येऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता.

मुंबईत आज पारशी माणूस गेला की चार दिवसांचे विधी होतात, ते हादोख्त नस्कच्या हिशेबाने. मृतदेहाला कुत्रा दाखवतात, त्याला ‘सगदीद’ म्हणतात. पुलावरच्या कुत्र्यांशी त्याचं नातं जोडलं जातं. मग दोन मोबेद, म्हणजे पुरोहित, पहिली गाथा म्हणतात आणि देह दोखम्यात, म्हणजे गिधाडांसाठी तो उघड्यावर ठेवायच्या बुरुजात, नेतात. अग्नी, पाणी आणि माती पवित्र, म्हणून शव जाळायचं नाही, बुडवायचं नाही, पुरायचं नाही. तीन दिवस स्रोशच्या नावाने प्रार्थना चालतात, कारण या काळात आत्म्याची राखण त्याच्याकडे असते. तिसऱ्या दिवशी दुपारी ‘उठमणा’ होतो आणि त्यात मृताच्या नावाने देणग्या जाहीर करण्याची रीत आहे. चौथ्या दिवशी पहाटे ‘चहारुम’. त्या पहाटे आत्मा पुलाशी पोचतो. मोठ्याने रडू नये ही शिकवणही समाजात मुरलेली आहे.

अडचण आली ती इथल्या जगातल्या एका पक्ष्यामुळे. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशभरात गिधाडं झपाट्याने मेली. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर मलबार हिलच्या डुंगरवाडीवरचं, म्हणजे मुंबईतले दोखमे आहेत तिथलं, आकाश रिकामं झालं होतं. सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे लावून पाहिले. पावसाळ्यात त्यांचा उपयोग नाही. काही कुटुंबं दहनाकडे वळली, तेव्हा डुंगरवाडीच्या बंगल्यांमध्ये अशा मृतांसाठी चार दिवसांचे विधी करता येणार नाहीत, अशी सनातनी भूमिका आड आली. मग वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभं राहिलं, ते २०१५ मध्ये. तिथे दहन झालेल्यांसाठीही सगळ्या प्रार्थना होतात, चहारुमसुद्धा. अग्नीत देह दिल्यावर त्या पोचतात की नाही, यावर समाजात अजून एकमत नाही.